वरच्या मजल्याचा माल

स्वप्नालीने न धुतलेल्या तीन जीन्स वाळत घातल्या. गॅलरीच्या दोरीवर, मागची बाजू रस्त्याकडे करून, म्हणजे खिशांवरची शिलाई रिक्षातून उतरणाऱ्या माणसाला दिसावी. रिक्षातून उतरणारा माणूस सहसा मान वर करत नाही, हे तिच्या थोड्या वेळाने लक्षात आलं. तिने दोरी सैल केली. जीन्सचे पाय खालच्या मजल्याच्या दारावर तोरणासारखे लोंबायला लागले.

खालून एक काठी आली आणि तिने ते पाय एका बाजूला सारले.

"स्वप्नाली, पाणी गळतंय गं खाली!" खालून तिची थोरली जाऊ अस्मिता ओरडली.

"पाणी कुठलं ताई? कोरड्या आहेत."

"कोरड्या आहेत तर वाळत कशाला घातल्यास?"

 सुदैवाने तेवढ्यात रिक्षा आली.

रिक्षातून ग्रेसबाई उतरल्या. उतरल्या म्हणजे आधी एक पाय, मग थोडी विश्रांती, मग दुसरा पाय. उंच, रुंद, डोक्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, ओठांवर जांभळी लिपस्टिक. युगांडात, कंपालाच्या बाजारात त्यांचं कपड्यांचं दुकान होतं आणि वर्षातून दोनदा त्या जीन्स घ्यायला उल्हासनगरला यायच्या. दारात खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाईंना, सुंदराबाईंना, त्यांनी दोन्ही हात जोडले.

"जय भीम, मम्मी."

"जय भीम, जय भीम! ये बाई," सुंदराबाई गहिवरून म्हणाल्या. धाकट्या सुनेच्या 'जय भीम'ला त्या नुसती मान हलवत.

ग्रेसबाई आत गेल्या. त्यांनी वर बघितलं की नाही, हे जीन्स मध्ये लोंबत असल्यामुळे स्वप्नालीला दिसलं नाही.

दोन विकसनशील देशांमधला व्यापार वाढावा म्हणून दिल्लीत परिषदा भरतात, टेबलावर दोन छोटे झेंडे ठेवतात, हस्तांदोलनाचे फोटो निघतात. उल्हासनगरच्या चार नंबर कँपातल्या या गल्लीत तो व्यापार रिक्षाचं चाक पंक्चर झाल्यामुळे सुरू झाला होता. चाक बदलेपर्यंत ग्रेसबाई समोरच्या उघड्या दारात टेकल्या. आत चार मशीनवर जीन्स शिवणं चाललं होतं. अस्मिताने पाणी दिलं, मग चहा दिला, मग सॅम्पल दाखवलं. पंक्चर वरच्या मजल्यासमोर होत नसतं.

आठ मशीन मुळात एकाच घरातली. भाऊ वेगळे झाले तेव्हा चार खाली राहिली, चार वर चढवली. थोरला प्रमोद आणि अस्मिता खाली, कारण सुंदराबाईंचे गुडघे. धाकटा सम्यक आणि स्वप्नाली वर, कारण त्यांचे गुडघे चांगले. तेव्हा ही वाटणी सगळ्यांनाच रास्त वाटली होती. जगातला निम्मा धंदा गुडघ्यांवर अवलंबून असतो, हे तेव्हा कुणाला माहीत? ग्रेसबाईंचेही गुडघे दुखायचे. बाहेरच्या लोखंडी जिन्याकडे त्या अशा नजरेने बघायच्या, जसं एखादा माणूस दुसऱ्याच्या कर्जाकडे बघतो. आदराने, आणि लांबून.

व्यापार दोन्ही बाजूंनी चालत होता. इकडून जीन्स जायच्या, तिकडून ग्रेसबाई अस्मितासाठी कॉफीची पाकिटं आणि मोठमोठ्या फुलांच्या छापाचं कापड आणायच्या. खाली कुणीच कॉफी पीत नव्हतं. पाकिटं शोकेसमध्ये, प्रमोदच्या कंपनीतल्या ट्रॉफीशेजारी उभी होती. त्या कापडाचा अस्मिताने गाऊन शिवला आणि तो घालून ती दूध आणायला जायची. कुणी विचारलं की म्हणायची, "अगं, हे होय? युगांडाचं." कुणी विचारलं नाही तरी म्हणायची.

मागच्या खेपेला स्वप्नालीने एक प्रयत्न केला होता. भाजी वर ओढायची टोपली होती, तिच्यात तिने आपली सगळ्यात सुबक जीन्स घडी करून ठेवली आणि खाली ग्रेसबाई निघायच्या वेळेला टोपली दोरीने सोडली. टोपली बरोब्बर ग्रेसबाईंच्या नाकासमोर थांबली. अस्मिता पुढे झाली, जीन्सवर कोथिंबिरीची एक जुडी ठेवली आणि दोरी हलवून वर म्हणाली, "घे गं, एवढीच उरलीये."

"अगं, पण कमलेश शेठ घेतोय ना आपला सगळा माल?" त्या रात्री सम्यक जेवताना म्हणाला होता. "एक पीस परत येत नाही. टायमावर पैसे. मग झालं की."

"घेतो. पण त्याला कुणी बघायला येतं का?"

"शेठला कशाला बघायचंय?"

स्वप्नालीने त्याच्या ताटात भात वाढला. मागितलेला नव्हता.

कमलेश शेठ फर्निचर बाजारामागच्या गाळ्यात बसायचा आणि माणूस पाठवून माल उचलायचा. माल जातो कुठे, असं तिने एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "बाहर." तिने 'बाहर'चा अर्थ कल्याण असा लावला होता. फार तर भिवंडी. त्याचं एकच सांगणं असायचं, "कमर छोटी, पीछे बडा रखना. और पॉकेट वही अपना वाला." अपना वाला म्हणजे खिशाच्या कोपऱ्यावर ती अर्धचंद्रासारखी दुहेरी शिलाई मारायची. तिच्या आईने बापाच्या कामाच्या पँटींवर तशी मारलेली तिने पाहिली होती. कल्याणच्या बायकांच्या कमरा अशा कशा, हा प्रश्न तिला कधीकधी पडायचा. पण ती कल्याणला फारशी जात नसे.

दुसऱ्या दिवशी अस्मिता सासूबाईंना घेऊन सोनिवलीला गेली. तिच्या भाचीच्या मुलाचं नामकरण होतं. जाताना तिने तो फुलांचा गाऊन न घालता त्याच कापडाचा ब्लाउज घातला होता. रिक्षात बसताना सुंदराबाईंनी वर बघून हाक मारली, "दाराकडं बघ गं!"

दाराकडे बघण्यासारखं काही नव्हतं. स्वप्नाली मशीनवर बसली. दुपारी जिना वाजला. सम्यकची पावलं नव्हती. एक पायरी, मग शांतता. एक पायरी, मग शांतता. मधेच कुणीतरी न कळणाऱ्या भाषेत काहीतरी पुटपुटलं, ते जिन्याबद्दलच असावं.

ती दारात आली तेव्हा ग्रेसबाई कठडा धरून वरच्या पायरीवर उभ्या होत्या.

"जय भीम, सिस्टर," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पानी."

स्वप्नालीने पाणी दिलं. खुर्ची पुसली. पुसलेली खुर्ची पुन्हा पुसली.

"ताई नाहीये. दीदी बाहर गया है. सोनिवली."

"मालूम है. इसलिए आई."

मग चहा टाकला. दोरीवरच्या जीन्स काल रात्रीच आत आणलेल्या, कॉटवर पडल्या होत्या. ग्रेसबाईंनी त्यातली एक मांडीवर घेतली आणि खिशाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. दुखरा दात जिभेने चाचपावा तसा. मग मोबाइल काढून एक फोटो उघडला आणि तो स्वप्नालीच्या हातात दिला. दुकानाच्या काचेत एक भरदार पुतळा पाठमोरा उभा होता. त्याच्या अंगात स्वप्नालीची जीन्स होती. दोन्ही खिशांवर दोन अर्धचंद्र.

"यह दुकान मेरे सामने है," ग्रेसबाई म्हणाल्या. "मेरा हसबंड का छोटा भाई का वाइफ. इंडिया आती भी नहीं. घर में बैठकर कमलेश को फोन करती है. मेरा कस्टमर मेरे दुकान में ट्राय करता है, फिर रोड क्रॉस करता है."

"जाऊ," स्वप्नाली म्हणाली.

"क्या?"

"हसबंड का भाई का वाइफ. हमारे में जाऊ बोलते."

"जाऊ," ग्रेसबाईंनी शब्द तोंडात घोळवला. चव ओळखीची निघाली असावी. "तीन साल से ढूँढती है मैं, यह पॉकेट कौन बनाता. कल रिक्षा से उतरी, ऊपर देखा."

स्वप्नाली पुतळ्याकडे बघत राहिली. हजारो मैलांवर, समुद्रापलीकडे, एक बाई रोज सकाळी दुकान उघडायची आणि समोरच्या काचेतले हे दोन खिसे बघून तिचा दिवस खराब व्हायचा. स्वप्नालीवर जळणारी ही तिच्या आयुष्यातली पहिलीच बाई होती. आणि ती समोर बसून, तिच्याच कपातून चहा पीत होती. तिला ग्रेसबाईंबद्दल एकदम फार माया वाटली.

"बिस्किट देऊ? बिस्किट?"

"मेरी बात सुनो. कमलेश को माल बंद. सब मुझे दो. जितना बनाएगी उतना. रेट उससे ऊपर. मशीन चाहिए तो मैं अडवान्स देगी."

खाली अस्मिताची चार मशीन. वर आता आठ झाली तर? स्वप्नालीने हातातला फोन उगाच सरळ केला. नामकरणाहून ताई परत येईल, जिन्यावर पोती दिसतील, कापडाचे तागे दिसतील. कोण आलं होतं, असं विचारील. मग आपण अगदी सहज म्हणायचं...

"लेकिन दीदी को नहीं बताना," ग्रेसबाई म्हणाल्या.

"काय?"

"कभी नहीं. माल कमलेश का आदमी लेके जाता है, वैसा ही मेरा आदमी लेके जाएगा. सब लोग समझेगा, कमलेश का है. नीचे से भी मैं लेती रहेगी." त्यांनी छातीवर हात ठेवला. "दो साल पहले लॉज में मुझे मलेरिया हुआ. दीदी रोज चावल का पेज लेके आई. चम्मच से पिलाया. मैं उसको क्या बोलेगी, तुम्हारा पॉकेट खराब है? उसको मालूम हुआ तो मैं इस घर में मुँह नहीं दिखाएगी. फिर ऊपर से भी नहीं लेगी, नीचे से भी नहीं. प्रॉमिस?"

त्यांनी हात पुढे केला. मोठा, उबदार, अंगठ्यांनी भरलेला हात. स्वप्नालीने तो हातात घेतला.

"प्रॉमिस," ती म्हणाली. त्या क्षणी ते खरंही होतं.

ग्रेसबाई जिना उतरून गेल्या. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. स्वप्नालीने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. उन्हात एक माणूस नव्हता. एरवी कोण कुणाच्या दारात किती वेळ उभं राहिलं याचा हिशेब ठेवणारी गल्ली नेमकी आज झोपली होती.

अस्मिता संध्याकाळी परतली. सुंदराबाई आत जाऊन आडव्या झाल्या आणि अस्मिता स्वतः जिना चढून वर आली. असं ती सहसा करत नसे. हातात बर्फीचा पुडा होता.

"घे. सम्यक भावजींना आवडते म्हणून बांधून आणली." ती कॉटच्या कडेला टेकली. "कुणी आलं होतं का गं?"

"नाही. कोण येणारे इथं?"

"फोन आला होता ग्रेसबाईचा. उद्या येतेय." अस्मिताने पदराने मान पुसली. "वाटेत विचार करत होते, स्वप्नाली. अगं, तिची ऑर्डर एवढी वाढलीये, माझ्याच्यानं होत नाही आता. पाठ धरते. मी तिला सांगणार आहे की माझ्या जावेचा हातही चांगला आहे. म्हणेन, तुमची पद्धत मी शिकवीन तिला. माझं करून जे उरेल ना, ते तुला देत जाईन. तुलाही जरा हातभार."

ती मनापासून बोलत होती. तिच्या चेहऱ्यावर दिवसभराच्या समारंभाचा थकवा होता आणि त्याखाली खरोखरीचा चांगुलपणा होता. त्यात एकही टोमणा नव्हता. स्वप्नालीने शोधला.

"जे उरेल ते," स्वप्नाली म्हणाली.

"हो ना. आणि त्या शिलाया जरा साध्या ठेव हं. ते खिशावरचे चंद्रबिंद्र नको. फॉरेनच्या लोकांना प्लेन लागतं."

"बरं, ताई."

"बर्फी खा. मी भांडी टाकते जाऊन."

तिची पावलं जिन्यावरून उतरली.  स्वप्नालीने पुडा न उघडता फडताळात ठेवला आणि दुपारचे दोन्ही कप उचलले. संध्याकाळी वरच्या नळाला पाणी नसतं. बारवी धरणाचं पाणी उल्हासनगरपर्यंत येतं आणि या घरापाशी आल्यावर तळमजल्यालाच थांबतं. म्हणून दोघींची भांडी जिन्याखालच्या एकाच मोरीत पडायची.

ती खाली गेली. मोरीवर अजून कुणी नव्हतं. आतून अस्मिता भांडी गोळा करत असल्याचा आवाज येत होता. स्वप्नालीने स्वतःचा कप विसळला आणि पालथा घातला. दुसऱ्या कपाच्या काठावर जांभळ्या लिपस्टिकचा ठसा होता. ठळक, रुंद, दोन्ही ओठांचा. त्या गल्लीत तसला रंग कुणीच लावत नसे.

हा कप तिने विसळला नाही. मोरीच्या कठड्यावर ठेवला. मग थोडा फिरवला, दिव्याचा उजेड नीट पडेल असा.

वर येऊन ती मशीनवर बसली आणि एक पाय शिवायला घेतला. सुई पुढे सरकत होती, शिलाई सरळ पडत होती. कपाबद्दल ती कुणाला काही बोललेली नव्हती. बोलणारही नव्हती.

खाली दार वाजलं. नळ सुटला. ताटं एकमेकांवर आपटली, मग घासण्याचा आवाज सुरू झाला. स्वप्नालीने मशीनच्या पायट्यावरून पाय काढून घेतला, नीट ऐकू यावं म्हणून.