मास्तरांच्या हातातली मोटार

मी मोटार बोलतेय. रस्त्यावर धावणारी नव्हे. तळहातात मावणारी, दात घासणारी. तोंडातले नव्हेत हं, तोंडात जायच्या आधीचे. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, त्यांवरून आमच्या खोलीत कवळ्या आणि दातांना आधार देणारे धातूचे सांगाडे तयार होतात. ते घासून गुळगुळीत करणं हे माझं काम. पण आज मला भीती वाटतेय, आणि ती माझी मलाच.

कारखान्यातून आले ती थेट मास्तरांच्या हाती. डॉक्टरमंडळी त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी केलेला दात खऱ्या दाताशेजारी बसवला, तर सख्ख्या आईलाही ओळखू येऊ नये! घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल. खिडकी मात्र बंद, कारण वाऱ्यानं दात बनवायची बारीक पूड उडायची. मी फिरले की धातूची धूळ उठे. मास्तर फुंकर मारून ती उडवत आणि पुन्हा वाकून बघत. मास्क गळ्यात लोंबत असे.

"गुदमरतं त्यात," म्हणत.

चौदा वर्षं अशी गेली. आधी माझ्या थरथरीनं त्यांची बोटं बधिर होऊ लागली. शर्टाची बटणं त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, लावून देत. मग खोकला आला.

"अहो, बिडी नाही, सिगारेट नाही, मग हा खोकला कसला?"

"हवा बदललीय गं."

औषधाच्या बाटल्या संपल्या, खोकला हलेना. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी, आजवर कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं : काम काय करता? त्या दिवशी मास्तरांनी एक्स-रेचं पाकीट माझ्याशेजारी ठेवलं.

"फुप्फुसात धूळ बसलीय म्हणे. बसली ती निघायची नाही. पुढची थांबवा म्हणाल्या."

पुढची थांबवायची म्हणजे मला थांबवायचं. थांबवा हो, मी मनात ओरडले. पण दुसऱ्या सकाळी त्यांनी मला उचललंच.

"हातातली एवढी कामं उरकतो."

ती उरकलीच नाहीत. एका दुपारी मी फिरत असतानाच त्यांचा श्वास अडकला. मी हातातून सुटून फरशीवर गरगरत राहिले. वहिनींनी धावत येऊन आधी माझी वायर उपटली, मग त्यांना सावरलं.

आता मास्तर आतल्या खोलीत असतात, नाकाला प्राणवायूची नळी लावून. खुर्चीवर वहिनी बसतात. मेणात दात बसवून कवळीचा नमुना करायचं काम त्या आधीपासून करतच होत्या. त्यांनी धूळ ओढून घेणारं यंत्र आणलं, मास्क नाकावर घट्ट बसवला. माझा जीव भांड्यात पडला.

पण त्या यंत्राची घरघर मोठी, आणि मास्तरांची हाक कुजबुजीएवढी. एकदा ती ऐकूच आली नाही. वहिनी आत गेल्या तेव्हा नळी निसटलेली होती, ओठ निळे पडले होते. तेव्हापासून यंत्र बंद असतं. मास्कही हनुवटीखाली, कारण "आले हो!" म्हणावं लागतं.

वहिनी, मास्तरांच्या उशाशी एक बटण बसवून घ्या. त्यांनी दाबलं की इथे टेबलावर दिवा लागेल. मग यंत्र खुशाल घरघरू दे. तोवर मला हात लावू नका. तुमच्या छातीत मला जायचं नाही.

समोर धातूचा सांगाडा आहे, परवा द्यायचा. वहिनींनी आतल्या खोलीकडे कान दिला. श्वास संथ चाललाय. त्यांनी मला उचललं, तोंड जवळ आणलं आणि माझं बटण दाबलं.