कोरलेला आकडा, कोळशाचा आकडा

दगडाला काय कळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचायच्या भानगडीत पडू नये.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. चुनखडीचा, फिकट पिवळा, दोन हात लांब आणि वीतभर जाड. माझं गाव वाल्या स्कोइची, रुमानियाच्या मोल्दोवा भागातल्या टेकड्यांमधलं. शाळा मी शिकलो नाही, पण शाळेच्या भिंतीत बत्तीस वर्षं काढली. त्याआधी पावणेतीनशेहून जास्त वर्षं चर्चच्या दाराशी उभा होतो. जग देवानं केलं की आपोआप झालं, यावर माणसं कशी भांडतात ते दोन्हीकडून पोटभर ऐकलंय. मला मात्र कोणी काही विचारलं नाही. विचारायचं सोडून छिन्नी घेऊन आले.

माझा जन्म मला आठवत नाही. तुम्हाला तुमचा आठवतो का? नंतर ऐकलं ते एवढंच, की इथे समुद्र होता आणि मी त्याच्या तळाचा चिखल होतो. शिंपले माझ्यात मरून पडत आणि मी त्यांना पोटात घेई. समुद्र आटला, मी घट्ट झालो आणि वर द्राक्षाचे मळे आले.

मग व्लासिए नावाच्या पाथरवटानं मला खाणीतून काढलं. गावचा जहागीरदार चर्च बांधत होता आणि त्याला दाराशी शिलालेख हवा होता. व्लासिएला अक्षरओळख नव्हती. चर्चच्या सेवेकऱ्यानं कोळशानं माझ्यावर मजकूर लिहून दिला आणि व्लासिए त्यावरून छिन्नी फिरवत गेला. अमुक जहागीरदारानं, अमुक बायकोसह, जग निर्माण झाल्यापासून ७१८०व्या वर्षी हे चर्च बांधलं, असा तो मजकूर. तेव्हा तिकडे वर्षं अशीच मोजत, जगाच्या पहिल्या दिवसापासून. तुमच्या हिशेबानं ते साल १६७२.

आकड्याशी आला आणि व्लासिएची छिन्नी अडकली. आत एक शिंपला निघाला, लहान मुलाच्या तळव्याएवढा, एकही रेघ न मोडलेला.

जहागीरदाराचा कारभारी म्हणाला, "फोड तो. चुना भर."

"मालक, मी ठेवलेला नाही तो," व्लासिए म्हणाला. "ज्यानं ठेवला त्याला विचारतो आणि मग फोडतो."

त्यानं कधी विचारलं नाही. ओळ वाकवली, शिंपल्याला वळसा घातला आणि आकडा पुढे कोरला. माझ्या छातीवर असे दोघं शेजारी आले. एक सांगे, जग सात हजार वर्षांचं. दुसरा काहीच सांगत नसे. दोघांचं कधी भांडण झालं नाही.

ती वर्षं सुखाची होती. लोक चर्चमध्ये शिरताना छातीवर क्रॉसची खूण करत आणि तीन बोटं शिंपल्याला लावत. नोहाच्या महापुरात वाहून आलेला शिंपला आहे म्हणत. दातदुखीवाले लावत, नव्या नवऱ्या लावत. इतकी बोटं फिरली की शिंपला लोण्यासारखा गुळगुळीत झाला. कौतुक कोणाला नको असतं? मलाही आवडायचं.

१९५८ साली जिल्ह्याहून एक इन्स्पेक्टर आला. तेव्हाच्या सरकारला देव खपत नव्हता. त्यानं गाव गोळा केलं, माझ्यासमोर नव्या शाळाबाईंना उभं केलं. आग्लाया बाई. वय चोवीस, नोकरीला तीन महिने झालेले, घरी आजारी आई.

"बाई, या आकड्याबद्दल विज्ञान काय म्हणतं?"

"आकडा बरोबर नाही, कॉम्रेड. जग याहून फार जुनं आहे."

"जुनं नाही! विश्वाला सुरुवातच नाही. कायमचं आहे. सुरुवात म्हटली की मागून पाद्री आलाच." त्यानं कागद पुढे केला. "करा सही."

कागदावर दोन वाक्यं होती. आकडा चुकीचा आहे, हे पहिलं. म्हणून तो तासून टाकावा, हे दुसरं. पहिलं खरं होतं. दुसरंही बाईंनी वाचलं, आणि सही केली.

माझ्या शेजारीच फादर झाहारिया उभे होते. तेहतिशीचे, दाढी अजून काळी. ते एवढंच म्हणाले, "बाई, चूक असेल. पण आमची होती." आणि आत गेले.

मला राग आला तो त्या आकड्यासाठी नाही. आकडा चुकला होता, मान्य. माझ्या पोटातला शिंपलाच एक कोटी वीस लाख वर्षांचा. मला नाही कळणार तर कोणाला कळणार? पण आजोबांनी चुकीचं सांगितलं म्हणून आजोबांचं तोंड तासतात का? आणि ज्या इन्स्पेक्टरनं दुसऱ्याची चूक तासायला लावली, त्याचंही चूकच होतं. फरक इतकाच, की त्याच्या खिशात शिक्का होता.

काम निस्तोर गवंड्याला दिलं. दगड तासायचा, शाळेच्या बाहेरच्या भिंतीत बसवायचा आणि त्यावर घोषणा रंगवायची. निस्तोरनं मला गाडीतून आपल्या पडवीत नेलं. माझ्यासमोर बसून थंड मामालिगा, म्हणजे मक्याचा घट्ट सांजा, कांद्याबरोबर खाल्ला. खाताना माझ्याकडे बघत होता. मग बोटं पुसून म्हणाला,

"म्हाताऱ्या, पालथा झोपशील?"

त्यानं मला उलटं केलं आणि माझी पाठ तासली. चांगली गुळगुळीत. भुगा मुद्दाम अंगणभर पसरून ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. दुसऱ्या दिवशी मला शाळेच्या भिंतीत बसवलं, तोंड आत आणि पाठ बाहेर. इन्स्पेक्टरनं हात फिरवून पाहिलं आणि खूश झाला. फादर झाहारियांनी निस्तोरच्या अंगणात गुडघ्यावर बसून तो भुगा रुमालात गोळा केला आणि वेदीपाशी नेऊन ठेवला. निस्तोर खिडकीतून बघत होता. बोलला नाही. बोलला असता तर तुरुंगात गेला असता, एवढं साधं होतं ते.

मित्रांनो, आता माझं तोंड अंधारात, पण कान शाबूत, आणि दगड पाठीनंही बघतो. चर्चच्या दाराशी माझ्या जागी विटा लावल्या होत्या. लोक सवयीनं त्या विटांनाच बोटं लावू लागले. फादर बाईंशी बोलेनासे झाले. एक वर्ष नाही, दोन नाही, नऊ वर्षं. शाळा आणि चर्च यांच्यात फक्त रस्ता. समोरासमोर आले की फादर आकाशाकडे बघत. आकाशावरूनच भांडण, आणि बघायचं तिकडेच!

माझ्या पाठीवर लाल रंगात 'विश्व अनादि आहे' असं लिहिलं होतं. ते तीन वर्षांच्या पावसात उडालं. मग बाई मला फळ्यासारखं वापरू लागल्या, कारण वर्गातला फळा फुटला होता आणि नवा येतो येतो म्हणत येतच नव्हता. आकाशाचा विषय निघाला की बाई वेगळ्याच होत. इन्स्पेक्टर बदलले, पुस्तकं बदलली, आणि बाई मुलांना नवीनच काही सांगू लागल्या. सगळं विश्व एके काळी एकाच जागी भट्टीसारखं तापलेलं होतं. ते फुगत गेलं, निवत गेलं, आणि त्या भट्टीची ऊब अजून आकाशात सगळीकडून येते. यंत्रांनी ती मोजली आहे.

एक मुलगी म्हणाली, "बाई, त्याच्या आधी काय होतं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

रस्त्यावरून आवाज आला, "मला माहीत आहे!"

फादर होते. कोणाच्या तरी अंत्यविधीहून येत होते, हातात धूपपात्र. नऊ वर्षांनी तोंडातून शब्द निघाला होता, स्वतःच दचकले.

"तुम्हाला विचारलं नाही, फादर," बाई म्हणाल्या.

फादर दोन पावलं गेले आणि परत फिरले. फिकट दगडावर पांढऱ्या खडूनं लिहिलेलं. मुलं डोळे बारीक करून बघत होती. "बाई, तुमचं विश्व दिसतच नाही," ते म्हणाले. झग्याच्या खिशातून धुपाचा कोळसा काढून पुढे केला.

"मी यानं काय लिहिणार आहे, ठाऊक आहे ना?"

"कोळसा माझा. अक्षर तुमचं."

बाईंनी लिहिलं, १००० कोटी वर्षं. आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह त्या कधीच विसरल्या नाहीत.

मग दरवर्षी शाळा उघडली की फादर कुंपणापाशी कोळसा ठेवून जात. बाई ओल्या फडक्यानं मला पुसत आणि नव्या पुस्तकातला आकडा लिहीत. कधी हजार कोटी, कधी दोन हजार, कधी दीड हजार. फादरना तेवढंच पुरे.

"काय हो बाई, मागच्या साली दोन हजार होतं ना? पाचशे कोटी कुठे गेली? बाजारात टोमॅटोसुद्धा एवढा उतरत नाही."

"चुकलं की आम्ही पुसतो, फादर. तुमच्या आकड्याला फडकं लागतं का कधी?"

"आमचा पुसला गेला, बाई," फादर म्हणाले.

बाईंची मान लाल झाली. त्या दिवशी शिकवणं तिथेच थांबलं. भिंतीत माझं तोंड होतं, त्यावर तो आकडा होता, शिंपला होता, आणि मला ओरडता येत नव्हतं. दगड असण्याचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

१९९०च्या वसंतात सरकार बदललेलं होतं आणि शाळेची ती भिंत फुगली होती. यंत्र लावून पाडायची आणि राडारोडा रस्त्याच्या खड्ड्यात टाकायचा, असं ठरलं. यंत्र आलं. माझा शेवट मला दिसत होता.

निस्तोर आला, बासष्ट वर्षांचा, हातात पहार. यंत्राच्या पुढे उभा राहिला.

"बाजूला हो, आजोबा," चालक म्हणाला.

"तो दगड आधी काढायचा."

"का?"

निस्तोरनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सरकार बदललं म्हणून पोलिसांकडची फाइल जळते असं नाही, हे त्याला माहीत होतं. फादर आणि बाई, दोघंही गर्दीत होते. शेवटी म्हणाला, "तो पालथा आहे."

त्यानं स्वतः पहार घातली. मी निघालो, फिरलो, आणि बत्तीस वर्षांनी ऊन तोंडावर आलं. चुन्याची खपली निघाली. ७१८०. आणि शेजारी शिंपला, तसाच.

फादरनी तीन बोटं शिंपल्याला लावली आणि तिथेच ठेवली.

बाई मात्र निस्तोरवर धावून गेल्या. "बत्तीस वर्षं! अरे, त्या सहीनं मी बत्तीस वर्षं नीट झोपले नाही! तुला एकदा सांगता आलं नाही?"

"बाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मान लाल होते. इन्स्पेक्टरनं दोन मिनिटांत काढून घेतलं असतं."

"आणि मला?" फादर म्हणाले.

"तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, फादर. ईस्टरलाच घोषणा केली असती."

"आणि तो भुगा? वेदीपाशी ठेवलाय मी! त्याच्यापुढे मेणबत्ती लावतो!"

निस्तोरनं खाली बघितलं. "तो पाठीचा होता."

आधी यंत्राचा चालक हसला. मग फादर हसले, ते डोळे पुसेपर्यंत. बाई हसता हसता रडायला लागल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "आता मीही एक सांगून टाकते. फादर, ती भट्टीची कल्पना आहे ना, सगळं एका जागेतून निघाल्याची? ती मांडणाऱ्यांत पहिला एक बेल्जियमचा पाद्री होता. अकरा वर्षांपूर्वी वाचलं, तेव्हापासून लपवलं मी तुमच्यापासून."

फादर मटकन माझ्यावरच बसले. "पाद्री?"

"कॅथलिक होता. तुमच्या पंथाचा नाही."

"चालेल," फादर म्हणाले. "तेवढं माफ आहे."

मग प्रश्न आला, मला बसवायचं कसं. चर्चच्या दाराशी, जुन्या जागी, हे सगळ्यांना मान्य होतं. बाईंनाही. "माझी बाजू जाऊ दे भिंतीत," त्या म्हणाल्या. "तिनं पुष्कळ ऊन पाहिलं." पाठीवर त्यांचा शेवटचा धडा अजून होता: १५०० कोटी? फादरनी तो आकडा वाचला. आकड्यापेक्षा जास्त वेळ ते पुढच्या चिन्हाकडे बघत होते.

"निस्तोर, ही बाजू भिंतीनं खाल्ली नाही पाहिजे. काय करता येईल?"

"ओसरीच्या दोन खांबांमध्ये उभा करतो. दोन्हीकडून मोकळा. पण लवकर ठरवा, चुना सुकतोय."

गावात कुरकुर झाली. देवाच्या दारात कोळशानं लिहायचं म्हणजे काय! फादर म्हणाले, "कोळसा आपलाच आहे, धुपाचा." तिथे विषय संपला. फादर शेवटपर्यंत म्हणत राहिले की जग देवानं केलं. बाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की पुरावा दाखवा. भांडण मिटलं नाही, मिटायची गरजही पडली नाही.

आता मी त्या दोन खांबांमध्ये उभा आहे आणि सुखात आहे. त्या तिघांपैकी कोणी राहिलं नाही. पण एका बाजूला बोटं लागतात, दुसऱ्या बाजूला शाळेची मुलं दरवर्षी फडकं मारून लिहितात. सध्या १३८० कोटी आहे. प्रश्नचिन्हासकट.

पण मागच्या महिन्यात शाळेचे नवे हेडमास्तर आले, दगड कोरणाऱ्या यंत्रवाल्याला घेऊन. मुलांच्या कोळशानं ओसरी घाण होते, त्यापेक्षा तो आकडा एकदाच कोरून सोनेरी रंग भरू, म्हणाले. माप घेऊन गेलेत. चांगला माणूस आहे, विज्ञानावर जीव आहे त्याचा. पण मला त्या इन्स्पेक्टरची आठवण झाली, लपवत नाही.

म्हणून हे सगळं सांगितलं, मित्रांनो. तुम्हाला जुनं काही सापडलं आणि ते चुकीचं असलं, तर चूक आहे असं मोठ्यानं सांगा, पण त्याचं तोंड तासू नका. नवं काही कळलं, तर लिहा, पण हाताशी ओलं फडकं ठेवा. आणि कोणी त्या हेडमास्तरांना माझा एक निरोप द्या. माझ्या छातीवरचा तो ७१८० आहे ना, व्लासिएची छिन्नी लागायच्या आधी तोही एक दिवस कोळशाचाच होता. त्या दिवशी कोणी मुलगी येऊन विचारायला हवी होती, "याच्या आधी काय होतं?"