आतड्याचे टाके आणि माझे दात

मित्रांनो, जनावरांच्या एका दवाखान्यात काचेचे कपाट आहे आणि त्याच्या वरच्या कप्प्यात स्टीलचा ट्रे. त्यात सगळ्यात कमी चकाकणारे जे अवजार दिसेल, ते मी. शस्त्रक्रियेत सुई धरायचा चिमटा. दिसायला कात्रीचा भाऊ, पण कापाकापी माझ्या स्वभावात नाही. मला दोन आखूड जबडे आहेत आणि त्यांच्या आत बारीक दात. त्या दातांत वाकडी सुई घट्ट बसते, मग डॉक्टर मनगट फिरवतात आणि टाका पडतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापलेले पोलाद, घणाचे घाव, नंतर घासूनपुसून झिलई. आत्मवृत्तात या गोष्टींचे लांबण लावायची पद्धत आहे, पण खरे सांगायचे तर मला त्यातले फारसे आठवत नाही. माझे आयुष्य सुरू झाले ते मोठ्या डॉक्टरांनी मला कागदातून सोडवले तेव्हा. त्या काळी त्यांचे केस काळे होते आणि दवाखान्यात एकच टेबल होते.

सुई धरता धरता दोऱ्यांशी माझी चांगलीच ओळख झाली. पहिला सोबती रेशीम. मोठा आज्ञाधारक. गाठ मारा, बसलीच. मध्येच धरून ओढा, दाबा, त्याची तक्रार नसे. पण आतड्यात गेले की पाहुणा म्हणून आलेला घरचाच होऊन बसावा, तसे त्याचे होई. विरघळायचे नाव नाही, आणि त्याच्या विणीत जंतूही बिऱ्हाड करत. मग आले कॅटगट. नावावर जाऊ नका, मांजराशी त्याचा काही संबंध नाही. ते मेंढीच्या नाहीतर गुरांच्या आतड्यापासून करतात. ते विरघळे खरे, पण कधी, हे त्याच्या लहरीवर. आतडे सुजलेले असले की हे महाशय घाईघाईने विरघळून मोकळे होत आणि जखम अजून कच्चीच असे. एका कुत्र्याच्या बाबतीत तसे झाले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी दिवसभर जेवणाचा डबा उघडला नव्हता.

नंतर कारखान्यात तयार झालेला विणीचा दोरा आला. वेळ पाळणारा, गाठीला पक्का. फक्त नाजूक आतड्यातून जाताना तो खरखरत जाई.

आणि शेवटी एकपदरी दोरा. हा मोठ्या डॉक्टरांच्या सूनबाईंनी आणला. त्याही जनावरांच्या डॉक्टर. लग्न होऊन या घरात आल्या आणि महिन्याभरात दवाखान्यातही उभ्या राहिल्या. हा दोरा मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा गुळगुळीत. आतड्यातून अलगद सरकतो, जंतूंना दडायला जागा देत नाही आणि जखम भरून आल्यावर सावकाश विरघळतो. खोड म्हणाल तर दोन. गाठ निसटते, म्हणून एकावर एक जास्तीचे फेरे द्यावे लागतात. आणि त्याला माझे दात चालत नाहीत. चिमट्याने मध्येच चावला की तिथे तो चपटा होतो आणि कमजोर पडतो. त्याला धरायचे ते शेवटच्या टोकाला, जे कापून टाकायचेच असते.

मोठ्या डॉक्टरांचा हात मात्र रेशमावर तयार झालेला. ते दोरा सवयीने मध्येच पकडत. सूनबाई टोकत, ते हूं म्हणत आणि पुढच्या टाक्याला हात पुन्हा तिथेच जाई.

एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक बाई पिशवीत मांजर घालून आल्या. मांजरीचे नाव ठमाबाई. दोन दिवस अन्नपाणी नाही, सारख्या उलट्या. सूनबाईंनी तिचा जबडा उघडला. जिभेच्या मुळाशी निळ्या दोऱ्याचा वेढा बसला होता आणि दोऱ्याचे दुसरे टोक थेट पोटात गेले होते. पोट चाचपले तर, नाडी ओढल्यावर परकराचा घेर गोळा होतो, तसे आतडे त्या दोऱ्यावर गोळा झालेले हाताला लागत होते.

"माझाच दोरा आहे हो," बाई म्हणाल्या. "रीळ मशिनवरच ठेवून मी चहा टाकायला उठले. एकटीच्या घरात तेवढी एकच सोबत आहे मला, डॉक्टर, आणि मीच तिचा जीव घेतला."

"अजून कुणी कुणाचा जीव घेतलेला नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "ओढला नाहीत ना दोरा? ओढला असतात तर आतडं चिरलं असतं. निम्मं काम तुम्हीच केलंत."

"टाके घालाल ते चांगल्या पक्क्या दोऱ्याचे घाला. जन्मात तुटणार नाही असा. मी आणून देते."

"कपड्याला तो बरा," सूनबाई म्हणाल्या. "आतड्याला जखम भरेपर्यंत धरणारा आणि मग निघून जाणारा लागतो. तुम्ही बाहेर बसा, काकू."

भूल दिली, जिभेचा वेढा कापला, पोट उघडले. दोऱ्याने आतडे एका जागी करवतीसारखे कापत आणले होते. दोरा तुकड्यातुकड्याने काढला, कुजलेली कड छाटली. मग मोठ्या डॉक्टरांनी मला हातात घेतले आणि एकपदरी दोऱ्याने टाके घालायला सुरुवात केली. आतड्याच्या भिंतीत एक चिवट थर असतो, टाका धरतो तो तोच. डॉक्टरांची सुई दर वेळी बरोबर त्या थरातून जात होती. त्यांचा हात बघावा असा होता, हे मी अजूनही म्हणेन.

"बाबा, दोरा मध्ये धरू नका हो."

"टाके मी घालतोय ना? तू आतडं ओलं ठेव."

शेवटची गाठ बसली. सूनबाईंनी आतड्याचा तेवढा भाग दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून धरला आणि आत सलाईनचे पाणी भरले. एक थेंबही बाहेर आला नाही.

"झालं," मोठे डॉक्टर म्हणाले. "पोट बंद करू या."

सूनबाईंनी बोटे काढली नाहीत. त्या एका टाक्याकडे वाकून बघत होत्या. तिथे दोऱ्यावर एक चपटी, चकाकती खूण होती. ती माझ्या दातांची होती.

"हा काढून पुन्हा घालते."

"गळतंय का? नाही ना? उगाच आतड्याला आणखी भोकं कशाला?"

"आज नाही गळत, बाबा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळा भार या दोऱ्यावरच येणार आहे. तेव्हा हा तुटला तर आपल्याला कळेपर्यंत ती गेलेली असेल."

मोठे डॉक्टर बाजूला झाले नाहीत. सूनबाईंनी तो टाका कापून काढला, त्या तुकड्याची दोन टोके धरली आणि त्यांच्यासमोर जरासा ताण दिला. खुणेपाशी दोरा तटकन तुटला.

मोठ्या डॉक्टरांचे कान लाल झाले. मला वाटले, आता आवाज चढणार. पण त्यांनी मला सूनबाईंच्या हातात दिले.

"सगळेच टाके बघ," ते म्हणाले. "संशय येईल तो काढ."

सूनबाईंनी आणखी एक टाका बदलला. माझे दात सुईला आणि कापून टाकायच्या टोकालाच लागले, मधल्या दोऱ्याला एकदाही लागले नाहीत.

पुढचे दिवस सगळ्यांनाच कठीण गेले. मोठे डॉक्टर काही ना काही निमित्त काढून पिंजऱ्यापाशी जात, मांजरीचे पोट हलक्या हाताने चाचपत आणि कोणी बघत नाही ना, हे पाहून परत येत. चौथ्या दिवशी ठमाबाईंनी वाटीतले पातळ खाणे चाटूनपुसून संपवले आणि वर मोठ्या डॉक्टरांच्या बोटाला ओरबाडले. बोटाला औषध लावताना ते शीळ घालत होते.

बाई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारले, "आतले टाके काढायला कधी आणू?"

"ते आपोआप जातील, काकू."

"म्हणजे तुमचं एवढं काम कुणाला दिसायचंसुद्धा नाही?"

"आमच्या धंद्यात दिसलं की बिघडलं म्हणायचं," मोठे डॉक्टर म्हणाले. बाई हसल्या आणि एकदम रडल्याही.

त्यानंतर काही दुपारी मोठे डॉक्टर रबरी हातमोजा उशीवर ताणून टाके घालायला बसत. मला घेऊन, एकपदरी दोरा घेऊन. दोऱ्याचे टोक धरायचे, असे स्वतःशी मोठ्याने म्हणत. दोन-तीन टाके नीट पडत आणि पुढच्याला हात पुन्हा मध्येच जाई. मला स्वतःला मागे खेचता आले असते तर मी खेचले असते. एके दिवशी त्यांनी मला पुसून खाली ठेवले आणि सूनबाईंना हाक मारली.

"आतड्याचं काम इथून पुढे तुझं. मी भूल बघत जाईन."

"बाबा, सवय होईल हो."

"होईल. पण ती व्हायला पोट कुणाचं वापरायचं?"

सूनबाईंनी स्वतःसाठी गुळगुळीत जबड्याचा नवा चिमटा आणला. कातडीचे टाके अजून मोठे डॉक्टर आणि मी घालतो. तिथे आमचे बरे चालते.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. अवजारे वापरून झाली की धुऊन, पुसून ठेवा. बिजागरीत तेलाचा थेंब सोडा. जुनी झाली म्हणून भंगारात देऊ नका, पण अधूनमधून त्यांचे दात तपासा आणि जे काम त्यांच्याकडून आता नीट होत नाही, ते त्यांना देऊ नका. आम्हाला स्वतःहून नाही म्हणता येत नाही. मोठ्या डॉक्टरांना म्हणता आले.