भरतीच्या वेळी जाणारं नेट

नाहूरची प्रियंका लग्न करून वर्सोव्याच्या कोळीवाड्यात आली, तेव्हा तिच्या सामानात साड्या कमी आणि वायरी जास्त होत्या. हार्डवेअर-नेटवर्किंगचा डिप्लोमा केलेली पोरगी. नाहूरच्या त्यांच्या इमारतीत कुणाचा राउटर रुसला, तर लोक कंपनीला फोन करायच्या आधी तिचं दार वाजवायचे. आणि आता तिच्याच घरात, तिच्याच लॅपटॉपचं वायफाय रोज तासभर गुल होत होतं आणि कारण काही केल्या सापडत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

नुसती गैरसोय असती तर तिनं सोसलीही असती. पण एका कंपनीत घरबसल्या करायच्या नोकरीची परीक्षा तिच्यापुढे होती. नोकरी कसली, तर गिऱ्हाइकांचं नेट बिघडलं की फोनवरून दुरुस्त करून देण्याची. परीक्षा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर, बंद खोलीत, एकटीनं द्यायची. नेट अर्धं मिनिट तुटलं की पेपर रद्द. मागच्या महिन्यात पहिल्या खेपेला तो तसा रद्द झालाच होता. दुसऱ्यांदा तुटलं, तर वर्षभर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं नियमात स्वच्छ लिहिलं होतं. नेट दुरुस्त करायच्या नोकरीसाठी आलेल्या बाईचं नेटच तुटतं, हे वाचून कंपनीतलं कुणी हसलं असेल का, या विचारानं ती दोन रात्री जागली.

तिनं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. लॅपटॉपमधलं जुनं कनेक्शन पुसून नव्यानं जोडलं. ड्रायव्हर काढून परत टाकला. बॅटरी वाचवण्याच्या नादात वायफाय आपोआप झोपतं, ती सोय बंद केली. शेजाऱ्यांचे राउटर ज्या चॅनेलवर गर्दी करून बसले होते, तो सोडून दुसरा घेतला. शेवटी केबलवाल्यांचा प्रितम आला. त्यानं राउटरच्या दोन्ही दांड्या वाकड्या करून पाहिल्या, चहा प्यायला आणि निकाल दिला, "लॅपटॉपच बदला, वहिनी. याची वाट लागली."

"लॅपटॉप सहा महिन्यांचा आहे," प्रियंका म्हणाली.

"मग नशीब," असं म्हणून प्रितम गेला.

नशिबावर सोडणारी ती नव्हती. एका वहीत ती नेट गेल्याच्या वेळा टिपू लागली. गुरुवारी दहा पस्तीस, शुक्रवारी सव्वाअकरा, शनिवारी बारा. तिनं हिशेब केला, की बिघाड सकाळचा आहे, दुपार मोकळी. शनिवारीच तिनं बुधवारची दुपारी तीनची वेळ नोंदवून टाकली आणि पहिल्यांदा निवांत झोपली. नोंदवलेली वेळ बदलता येत नव्हती.

पण बिघाड काही सकाळी थांबायला तयार नव्हता. तो रोज थोडा थोडा पुढं सरकत चालला होता, थेट तिच्या परीक्षेच्या दिशेनं.

बुधवारी साडेबाराला ती स्वयंपाकघरात ताटावर बसली होती आणि भाताला हात लावत नव्हती. समोर तिची सासू कमळ भराभर जेवत होती. कमळचं त्या घरातलं स्थान एका वाक्यात सांगता येईल: बोट समुद्रात असेपर्यंत सासऱ्यांची, म्हणजे महादूची, धक्क्याला लागली की कमळची. महादू आणि कृणाल, म्हणजे प्रियंकाचा नवरा, मासळी आणणार आणि तिथून पुढे ती निवडायची, बर्फात घालायची, विकायची, हे सगळं कमळ बघणार. शिक्षण चौथी. आवाज असा, की धक्क्यावरून हाक मारली तर गल्लीच्या टोकाचं मांजरही उठून बसेल.

"जेवत का नाय?" कमळनं विचारलं.

"आई, तीनला पेपर आहे आणि नेट जाणार. मला माहितीये, जाणारच."

"तू तर म्हणतीस कधी पण जातं."

"हो ना. रोज वेगळ्या वेळेला. पुढं पुढं सरकतंय, पण कशामुळे ते कळत नाही." तिनं वही पुढं सरकवली, मग कमळचा चष्मा वर राहिलाय हे आठवून स्वतःच वाचू लागली. "गुरुवारी दहा पस्तीस, शुक्रवारी सव्वाअकरा, शनिवारी बारा..."

कमळचा घास हातातच राहिला. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत ती म्हणाली, "थांब. पुढचं मी सांगते. रविवारी पाऊण. सोमवारी दीड. काल सव्वादोन."

प्रियंकानं वहीत पाहिलं. बारा अठ्ठेचाळीस. एक तेहतीस. दोन सोळा.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचं? ही भरती हाय. तिथीची पाऊणपट कर, भरती कवा ते निघतं. शनिवारी आवस होती, बाराला भरली. आज चतुर्थी. चार तिथींची पाऊणपट किती?"

"तीन," प्रियंका म्हणाली.

ज्या कोड्यापुढं डिप्लोमा, प्रितम आणि नेटवर शोधून पाहिलेले तीन व्हिडिओ हात टेकून बसले होते, ते या बाईनं एका हातानं जेवता जेवता सोडवलं होतं. तेही पुरतं नाही, असं तिचं स्वतःचं मत होतं. कारण घास तोंडात टाकून तिनं पुढचा प्रश्न केला.

"भरतीला नेट जाईल कशाला? समुद्र काय वायर चावतो? भरतीला घरात काय येतं ते बघ ना."

दोघींनी एकदमच दारातून बोळाकडे पाहिलं. पुढची खोली आणि मागचा जिना यांच्यामध्ये त्यांच्या घराला एक लांबट बोळ होता. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला, त्यामुळे भरती पुरती चढल्याशिवाय बोटी आत येत नसत. बोटी आल्या की डब्यांची रांग लागे. बर्फ आणि मासळी भरलेले प्लास्टिकचे मोठे डबे या बोळात छतापर्यंत रचले जात, कारण धक्का आणि रस्ता यांच्यामध्ये तेवढीच एक गार, सावलीची जागा होती. शेजारच्या दोन बोटींचे डबेही तिथंच. तासाभरात टेम्पो येई आणि बोळ रिकामा होई. राउटर पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर, लॅपटॉप मागच्या माळ्यावर, आणि मध्ये ही बर्फाची भिंत.

पाणी वायफाय पिऊन टाकतं, हे प्रियंकानं पहिल्याच वर्षी पुस्तकात वाचलं होतं. पण ती वर दार लावून, कानाला हेडफोन लावून बसायची, आणि खालच्यांना डबे आले हे सांगण्यासारखं वाटतच नव्हतं. सूर्य उगवला हे कुणी कुणाला सांगतं का? प्रितमनं येऊन विचारलं होतं, घरात काही नवीन आणलंय का. सगळ्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं होतं.

कारण सापडल्याचा आनंद जेमतेम मिनिटभर टिकला. पाऊण वाजत आला होता. राउटरची वायर काचेच्या तंतूची, हलवायला प्रितम लागणार आणि तो फोन उचलत नव्हता. लॅपटॉप पातळ, केबल थेट जोडायची सोय नाही. त्यासाठी लागणारा अ‍ॅडॉप्टर विकणारं अंधेरीतलं दुकान बुधवारी बंद, आणि दोन वाजता तर ओळखपत्र दाखवायला कॅमेऱ्यासमोर हजर राहायचं होतं. नाहूरला माहेरी पोचेपर्यंत तर दोन वाजून गेले असते. मोबाइलवरून नेट घ्यायला परीक्षेत बंदी होती. दाराची खोली घरात माळ्यावरचीच एक.

"तू वर जा," कमळ हात धूत म्हणाली. "आज डबे घरात येणार नाय."

"आणि मासळी? या उन्हात?"

"मासळी माझी. तिचं काय करायचं ते मी बघीन."

"तीन बोटींची आहे, आई. बाकीचे कसे ऐकतील?"

"तू वर जा," कमळ पुन्हा म्हणाली, आणि पदर खोचून धक्क्याकडे निघून गेली.

प्रियंका वर गेली, कारण दुसरं काही हातात नव्हतं. खरं सांगायचं तर तिचा विश्वास बसला नव्हता. कोळीवाड्यात सूर्याला थांब म्हणता येईल, पण बोट लागल्यावर डब्यांना नाही, हे दीड वर्षात तिनं पाहिलं होतं.

तीनला पेपर सुरू झाला. परीक्षेत हेडफोनला बंदी होती, त्यामुळे खालचं सगळं ऐकू येत होतं. पाच मिनिटांत खाडीतून पहिल्या बोटीचं इंजिन ऐकू आलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिचं अर्धं लक्ष प्रश्नावर आणि अर्धं कोपऱ्यातल्या वायफायच्या रेघांवर. रेघा चारच्या चार. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. खालून डबे आपटल्याचा आवाज येईना, शिव्या येईनात, बर्फ फोडल्याचा आवाज येईना. इतकी शांत दुपार तिनं या घरात ऐकलीच नव्हती. पावणेचारला तिनं रेघांकडे पाहणं सोडून दिलं.

शेवटचा प्रश्न तोंडी होता. पडद्यावरच्या परीक्षक बाईंनी विचारलं, गिऱ्हाइकाचं नेट रोज वेगळ्या वेळी जातं, नेहमीचे सगळे उपाय करून झालेत, आता काय विचाराल?

"आधी त्यांच्याकडून आठ दिवसांच्या वेळा घेईन," प्रियंका म्हणाली. "आणि मग यंत्राबद्दल नाही, घराबद्दल विचारीन. त्या वेळेला घरात काय येतं, काय जातं, ते. घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला विचारीन."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि आभार मानले. साडेचारला पडद्यावर निकाल आला. पास, निवड पक्की.

ती जिना उतरून धावत खाली आली. बोळ कोरडा ठणठणीत होता. बाहेर धक्क्यावर फाल्गुनातलं ऊन नुसतं भाजत होतं. तिथं डब्यांची लांब रांग लागली होती, वर ओली गोणपाटं, गोणपाटांवर जुनी शिडं. टेम्पोही पलीकडे रस्त्यावर थांबवून ठेवला होता. गोणपाटं सुकू नयेत म्हणून कृणाल आणि महादू बादल्यांनी पाणी मारत होते. तिन्ही बोटींच्या बायका डब्यांवर सावली पडेल अशा, डब्यांकडे पाठ आणि उन्हाकडे तोंड करून ओळीनं बसल्या होत्या, आणि एकही बोलत नव्हती. मधोमध कमळ, चेहरा लालबुंद. तिच्या शेजारी दुसऱ्या बोटीची शकु. बोट बांधायच्या जागेवरून भांडण झाल्यापासून दोन वर्षं कमळ शकुशी एक शब्द बोलली नव्हती. आज तिच्या दारात जाऊन बोलावं लागलं असणार, आणि आधी कमळलाच. प्रियंकाला ते दिसलं आणि तिचे पाय तिथंच थांबले.

कमळनं तिला पाहिलं. "गेलं का मधे?"

"नाही. एकदाही नाही."

"उचला रे," कमळ आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडली, आणि दीड तास दाबून धरलेला धक्का एकदम बोलायला लागला. डबे उठले.

"आई, मी पास झाले. नोकरी लागली."

कमळ गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं प्रियंकाला जवळ घेण्यासाठी हात पुढं केले, मासळीचे आहेत हे पाहून मागं घेतले. प्रियंकानंच तिला घट्ट मिठी मारली. सासूचं अंग उन्हानं तापलेलं होतं.

"झालीसच असणार," कमळ म्हणाली. "पेपर तुझ्याकडं होता, त्याची मला काळजी नव्हती. नेट माझ्याकडं होतं, त्याची होती."