चिमूट

गवळ्याने अर्धं पोतं काउंटरवर आपटलं, तेव्हा मी लेकीचं बाळंतपण उरकून नुकतीच परतले होते. हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"चिमूटशेठ, काय टाकलंय हो यात? गाई दोन घास खातात आणि हौदाकडे धावत सुटतात. अख्खा समुद्र भरलाय की काय पोत्यात?"

चिमूटशेठ म्हणजे आमचे हे. बाजारानेच ठेवलेलं नाव. आमच्या गिरणीत गुरांच्या खाद्याचा घाणा मिसळून झाला की त्यातली चिमूटभर हे तोंडात टाकणार, डोळे मिटून चघळणार आणि म्हणणार, "चालेल." ते चालेल म्हणेपर्यंत एकही पोतं भरायचं नाही, ही आमची पहिल्या दिवसापासूनची रीत.

आमच्या मुलाने पोत्यात हात घातला, चाखलं आणि लगेच थुंकून टाकलं. "बाबा, हा घाणा तुम्ही बघितला होतात ना?"

यांनी माझ्याकडे बघितलं. काय झालं असेल, ते मला एका क्षणात कळलं.

मागच्या हिवाळ्यात हे तापाने आजारी पडले. बरे झाले, हिंडूफिरू लागले. एके सकाळी घाईत मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. माझा पहिलाच घोट मी मोरीत थुंकले आणि धावत बाहेर आले, तर यांनी कप रिकामा करून खाली ठेवलेला! वर म्हणतात, "आज चहा झकास झालाय हं." हसावं की रडावं, मला कळेना. तापाने या माणसाची चव नेली होती आणि माणूस गुपचूप, आठवणीवर जेवत होता.

मी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून गिरणीत यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. नमुन्याची वाटी आली की म्हणायचं, "बघू हो, मलाही." आधी मी चाखायची. बरं असेल तर गप्प, काही कमीजास्त असेल तर खोकायची. चार-दोन दिवसांत हेही वाटी आली की आधी माझ्याकडे बघायला लागले. याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी एक अक्षर बोललो नाही. इतकी वर्षं संसार केल्यावर बोलायचं ते काय?

आणि मी नातवाच्या कौतुकात रमले होते तिकडे.

"अरे, मीच जाताना सांगितलं होतं की मीठ जरा..." मी काहीतरी थाप मारायला सुरुवात केली.

"तू थांब गं," हे म्हणाले. मग गवळ्याकडे वळले. "दादा, चूक माझी आहे. आता मीठ मशीनच सोडतं, तरी जुन्या सवयीने मी वरून ओतलं. आणि चाखलं, पण कळलं नाही. मला चव लागत नाही. बरेच महिने झाले."

गवळी बिचारा टोपी काढून उभा राहिला. "राहू द्या हो शेठ, गाई ठणठणीत आहेत," एवढंच पुटपुटला आणि बदलीचं पोतं घेऊन गेला.

मुलगा वाईट नाही हो माझा. पण त्या दिवशी त्याचा चेहरा पडला होता. "बाबा, उद्यापासून तुम्ही घरीच बसा. नमुने तपासायला बाहेर पाठवू. इतक्या गावांना माल जातो आपला."

"बरोबर आहे तुझं," हे म्हणाले. वाद नाही, चिडणं नाही. मला त्याचंच जास्त लागलं.

रात्री मला झोप कुठली? आमच्या धंद्याची सुरुवात एका हातगाडीवर झाली. हे गल्लीबोळातून कोंडा विकायचे. पुढे स्वतःचं खाद्य करायचं डोक्यात आलं, तेव्हा जागा कुठे होती? राहत्या खोलीतली खाट बाहेर काढली आणि मका, कोंडा, पेंड असा सगळा ढीग जमिनीवर ओतून दोघांनी फावड्याने कालवला. नाकातोंडात भुसा. यांनी पहिली चिमूट उचलली ती माझ्यापुढे धरली. "खाऊन बघ." मी थुंकून टाकलं आणि म्हटलं, "मी काय म्हैस आहे?" त्यावर हे इतके हसले की ढिगावरच बसले. त्या खोलीची पुढे शेड झाली, शेडची गिरणी झाली, फावड्याच्या जागी मशीन आलं. चिमूट तेवढी तशीच राहिली.

सकाळी हे आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, बूट बांधून पायरीवर बसले. जायचं कुठे नव्हतंच. अंगणापलीकडे गिरणी दिसत होती. मिसळण्याचं मशीन फिरून थांबलं. आता पोती भरायचं मशीन सुरू व्हायला हवं होतं, ते होईना. कामगार दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते. शेवटी मुलगा वाटी घेऊन अंगण ओलांडून आला.

"नमुना पाठवलाय मी," तो खाली बघत म्हणाला. "निकाल यायचा तेव्हा येईल. पण... कोणी भरायलाच तयार नाही, बाबा. मलाही हात लावावासा वाटेना."

यांनी वाटीतून चिमूट उचलली. स्वतःच्या तोंडात टाकली नाही. सगळ्यांदेखत माझ्यापुढे धरली.

"आता थुंकू नकोस म्हणजे झालं," म्हणाले.

मी चघळलं. डोळ्यांत पाणी आलं, पण मीठ बरोबर होतं. मान हलवली. हे उठून उभे राहिले आणि अंगणभर ऐकू जाईल असं ओरडले, "चालेल!"

पलीकडे मशीन धडधडायला लागलं. मुलगा वाटी आमच्यापाशी ठेवून पळाला. हे परत पायरीवर बसले. बोटांना लागलेला भुसा त्यांनी सवयीने चाटला.

"कसं लागतंय गं?" त्यांनी हळूच विचारलं. "सांग की."

"आधी मका लागतो," मी म्हटलं. "गोडसर. मग पेंडीचा खमंगपणा येतो..."

मशीनच्या आवाजात त्यांना नीट ऐकू येईना. मी सरकून त्यांच्या अगदी कानाशी बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.