हळदकुंकू लावलेली मेम्ब्रेन

तुम्ही तारीख दिली नाहीत, साहेब. तुमच्या त्या एका तारखेपायी परळच्या डायलिसिस केंद्रात माणसं पलंगावर थडथड उडाली. पाटीवर नाव मात्र तुमचंच. तुम्ही उशिरा आलात, फीत कापलीत, हार घालून घेतलात आणि गेलात. मागे काय झालं ते आता ऐका.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातली गुणवंती आठवड्यातून दोनदा त्या केंद्रात यायची. दोन्ही किडन्या गेलेल्या. नवरा धर्मा तिला बसने आणायचा आणि बाहेरच्या बाकावर डुलक्या काढत बसायचा. केंद्र चालवणारं मंडळ गणपतीच्या वर्गणीतून उभं राहिलेलं. अध्यक्ष अप्पा सगळ्यांना नावानिशी ओळखायचे. तेवढं खरं होतं. खोटं बोलायचं नाही.

गुणवंतीच्या पलंगासमोर काच, काचेपलीकडे पाण्याचा प्लांट. तिथला टेक्निशियन विनीत पेशंटना सुईही टोचायचा आणि तिच्याशी गप्पा मारायचा.

"त्या पाइपात काय हाय रं एवढं?"

"मेम्ब्रेन, मावशी. पातळ चादर, पुंगळीसारखी गुंडाळलेली. पाणी जोरात दाबायचं तिच्यातून. पाणी पलीकडे जातं. मीठ, घाण, जंतू अलीकडेच."

"मीठ बी? मंग दर्याचं पाणी गोडं होईल."

"होतं की. त्याला मोठा दाब लागतो."

"मग आमच्या ह्यांना घाल त्यात. जीभ तरी गोडी होईल."

विनीत हसला, मग गंभीर झाला. "पोटात गेलेलं पाणी पोट निवडून घेतं, मावशी. इथं तसं नाही. मशीनच्या फिल्टरमध्ये एका बाजूला तुमचं रक्त, दुसऱ्या बाजूला हे पाणी. मध्ये फक्त पातळ पापुद्रा. रक्तातली घाण पाण्यात येते तशी पाण्यातली घाणही रक्तात शिरू शकते."

प्लांटमधली जुनी मेम्ब्रेन थकली होती, मीठ सोडायला लागली होती. नवी आलीही होती, सीलबंद पिशवीत. बसवायची तेवढी बाकी. पण अप्पा म्हणाले, साहेबांच्या हस्ते. आणि साहेबांची तारीख काही मिळेना.

तेवढ्यात दसरा आला. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे यंत्रांची पूजा. गुणवंती तेव्हा मशीनवरच होती. तिनं काचेतून सगळं पाहिलं. अप्पांनी कात्री मागितली.

"अप्पा, पिशवी फोडू नका," विनीत म्हणाला. "आतली वस्तू ओली असते. एकदा वाळली की मेली."

"मग काय पिशवीला हळदकुंकू लावू? देवाचं काम आहे, उगाच अपशकुन नको."

पिशवी फाटली. पांढऱ्या पुंगळीवर हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. मग ती ऑफिसात काचेच्या टेबलावर, पंख्याखाली, फोटोसाठी मांडून ठेवली. तुमची वाट बघत, साहेब. तुम्ही उगवलात दिवाळीनंतर. तोवर ती कडकडीत वाळली होती. तशीच ती तुमच्या हस्ते पाइपात बसली.

तुमची गाडी वळली आणि विनीतनं प्लांट चालू केला. आत दाब पूर्ण, बाहेर पाण्याची नुसती करंगळीएवढी धार. जुनी मेम्ब्रेन भंगारात गेलेली. पलंगावर पेशंट तयार, टाकी रिकामी.

"बायपास खोल," अप्पा म्हणाले. "साहेबांच्या हातून झालंय. आज बंद ठेवलं तर मंडळाची नाचक्की होईल."

म्हणजे मेम्ब्रेनला वळसा घालून नळाचं पाणी सरळ मशीनकडे. विनीतनं व्हॉल्व फिरवला. नोकरी होती त्याची.

व्हॉल्व तसाच राहिला. पुढच्या खेपेला गुणवंतीला मशीनवरच हीव भरलं. दात वाजले, पलंग हलला, उलट्यांनी लुगडं भिजलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईचंही तेच. डॉक्टरांनी मशीन थांबवलं, इंजेक्शन दिलं. अप्पा धर्माला बाजूला घेऊन म्हणाले, "घरात सुकट असणार तुमच्या. पथ्य पाळत नाही ही."

गुणवंतीनं ऐकलं. आजारपण लागल्यापासून तिनं सुकटीचा तुकडा जिभेवर ठेवला नव्हता. दारात बोंबील वाळत असताना ती भात-दुधी गिळत होती. एवढं करून तिच्यावरच आळ!

आज ती पुन्हा आली. पाय सुजलेले, श्वास अडकत होता. दुसऱ्या केंद्रात जागा नाही. विनीत सुई घेऊन आला. त्याच्याकडे बघत तिनं विचारलं, "त्या दिवशी पाणी कुठलं होतं रं?" त्याची मान खाली गेली. मग त्यानं सगळं सांगितलं.

तिनं हात पदराखाली घेतला.

"गुणवंते, हट्ट करू नको," धर्मा रडकुंडीला आला. "आज नाय झालं तर पाणी छातीत चढंल तुझ्या."

"चढू दे. ते माझं पाणी हाय. ह्या मशीनीतलं कुठलं, ते मना कळू दे. बोलव अप्पांना."

अप्पा आले. हात जोडले, हसले. "वहिनी, नवीन मागवलीय. दोन-चार दिवसांत येईल."

"ते नाय इचारलं मी."

"विश्वास ठेवा, आपलंच केंद्र आहे."

"आपलं हाय ना? मग झोप या पलंगावर. घालू दे तुला सुई."

अप्पांचं हसू ओठावरच राहिलं. गुणवंतीला धाप लागली होती, तरी ती काठाला धरून उठून बसली.

"मना जगायचं हाय, अप्पा. हात द्यायला मी तयार हाय. फक्त येक सांग, या समद्यांसमोर. आत्ता, ह्या घडीला, ह्या नळीत काय येतंय? गाळलेलं का नळाचं? बोल."