पंपाखालची टाकी

दयानंदने सायकलच्या ट्यूबची पट्टी पंपाच्या सांध्यावर करकचून आवळली आणि बटण दाबलं. पाण्याची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली आणि पंप नुसताच घुमत राहिला. गच्चीवरच्या टाकीत थेंबही चढला नाही.

“चढला काय रे पाणी?” न्हाणीघराच्या बंद दाराआडून त्याच्या आईने, मीराबाईंनी, विचारलं.

“चढता गो आये. दोन मिनटां थांब.”

ती दोन मिनिटं केव्हाची संपतच नव्हती. सकाळपासून आईला जुलाब होत होते. आता तर आत पोचेपर्यंतच कपडे भरले आणि नळ नेमका तेव्हाच कोरडा पडला. प्यायच्या पाण्याची बाटली तिने अंगावर ओतली, ती पुरणार थोडीच! त्याची बायको यशश्री शाळेत वर्गावर होती, तिचा फोन बंद. वरच्या मजल्यावरच्या शेजारीण उमामा भाभींना हाक मारू का, असं त्याने विचारलं, तेव्हा आई आतून किंचाळलीच.

“कोणाक सांगू नको! नि तू पण आत येव नको.”

आखातात दुक्मच्या रिफायनरीत माणसाएवढे पंप खोलून बसवणारा हा गडी, सुट्टीवर राजधानीतल्या वादी कबीरला घरी आला आणि गुडघ्याएवढ्या पंपापुढे रडकुंडीला आला. सांध्यातलं रबरी सील फाटलं होतं. नवं आणायला जावं, तर आईला अशी टाकून कुठे जाणार? त्याने पट्टी सोडली, दुमडली, पुन्हा आवळली. पुन्हा तेच. त्याने पान्हा भिंतीवर फेकून मारला.

आतून रडणं ऐकू आलं. वडील गेले तेव्हाही आई अशी रडली नव्हती.

“दया,” जरा वेळाने ती म्हणाली, “खालच्या टाकयेत पाणी आसा मा?”

“काठोकाठ आसा गो. सकाळीच टँकर इलो. पंपच—”

“मगे बादली सोड ना रे!”

टाकीच्या झाकणावर बसूनच तो इतका वेळ पंपाशी झटत होता. विहिरीवर कळशा ओढत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला दोरी सुचू नये! त्याने कपडे वाळत घालायची दोरी तोडली आणि बादली आत सोडली.

भरलेली बादली दाराशी ठेवून तो मागे सरला.

“ठेवलंय. मी भायर जातंय.”

दार जरासं उघडलं. आईने हात बाहेर काढून बादलीची दांडी धरली. बादली जागची हलली नाही. दयानंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला जाववेना.

“दया.”

“काय गो?”

“बादली घेवन आत ये.”

त्याने डोळे घट्ट मिटले आणि बादली उचलून चाचपडत उंबरा ओलांडला.

“डोळे उघड रे बाबा,” आई म्हणाली. “तू पडलस तर तुका कोण उचलतला?”